उजेड नानांचा

काल रात्री साडेअकराला सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेव्हणीचा फोटो झळकला. स्थळांना पाठवायच्या बायोडेटावर हाच लावायचा, असं एकमतानं ठरलं होतं. खाली सासूबाईंनी लिहिलं होतं, ‘नानांनी काय सुंदर लाइट मारलाय!’ त्याखाली अंगठ्यांची रांग, आणि शेवटी नागपूरच्या मामेसासऱ्यांची पृच्छा : ‘नानांचा स्टुडिओ कुठे आहे?’

नानांचा स्टुडिओ कुठेच नाही. नाना आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, वीज खात्यातून निवृत्त झालेत, आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते. छायाचित्रणाशी त्यांचा संबंध एवढाच. फोटो मी काढला होता.

आता मागचं थोडं, भरभर. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश थेट तोंडावर आदळतो. नाक, गाल, कपाळ सगळं एका पातळीत येतं, मागच्या भिंतीवर काळी सावली चिकटते, आणि माणूस रात्री दोन वाजता पोलिसांनी उठवल्यासारखा दिसतो. तोच फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला आणि जरा उंचावर नेला, की चेहऱ्याला चढउतार येतात. बाल्टिमोरच्या एका वर्तमानपत्रातले छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी २००६ साली ‘स्ट्रोबिस्ट’ या नावानं हे सगळं लिहायला घेतलं, आणि जगभरचे हौशी लोक बॅगेत मावणाऱ्या फ्लॅशवर घरोघर स्टुडिओ मांडून बसले. मी जरा उशिरा बसलो, एवढंच. एक फ्लॅश, तो लांबून, वायरीशिवाय उडवणारा एक रेडिओ ट्रिगर, एक स्टँड, एक पांढरी छत्री. बायकोला सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांत थोडी तफावत आहे, पण ती इथे नको.

तसा हा शोध आपल्याकडे जुनाच. लग्नात व्हिडिओवाल्याच्या मागे वायरचं भेंडोळं सांभाळत, हात उंच करून हॅलोजनचा दिवा धरणारा एक पोरगा असायचाच. मंगलाष्टकं संपेपर्यंत भटजींना घाम फोडायचा. त्या पोराचं नाव कुणी कधी विचारलं नाही. आमच्याकडे नेमकं उलटं झालं.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर जायचं ठरलं. मावळतीचं आकाश मागे, मेव्हणी पुढे, उजवीकडून छत्रीतून झिरपणारा उजेड. मेव्हणी ठाण्याला आमच्याकडे खास त्यासाठी आली होती, सोबत सासूबाई. किल्ली मागायला गेलो, तर किल्लीबरोबर नानाही आले.

“कनेक्शन कुठून घेतलंस?” गच्चीवर पाय ठेवताच पहिला प्रश्न.

“नाही घेतलं, नाना. सेलवर चालतो.”

“कॉमन मीटरवर नाही ना? आत्ताच सांगून ठेवतो. मागे एकानं वाढदिवसाला इथे माळा सोडल्या, दोन महिने हिशेब लागत नव्हता.”

मी झाकण उघडून चार पेन्सिल सेल दाखवले. नानांनी एकेक बाहेर काढला, उजेडात धरून वाचला आणि परत बसवला. त्यातला एक उलटा बसवला, हे मला दहा मिनिटं फ्लॅशशी झटापट केल्यावर कळलं.

“वॅट किती?”

“हे वॅट-सेकंदात मोजतात, नाना. पूर्ण ताकदीला साधारण ७५.”

नानांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. मेव्हणीच्या कपाळावर घाम यायला लागला, सूर्य पलीकडच्या टॉवरच्या टाकीमागे सरकला. नानांनी डोळे उघडले.

“एक युनिट म्हणजे छत्तीस लाख वॅट-सेकंद. भागिले पंचाहत्तर. एका युनिटात ४८,००० वेळा उडेल हा तुझा दिवा.” मग अतीव करुणेनं माझ्याकडे बघून म्हणाले, “म्हणजे आत काहीच नाही रे! आणि जे आहे, तेही तू गाळून घेतोयस?”

हे छत्रीला उद्देशून होतं. मी समजावून सांगितलं. नुसता फ्लॅश म्हणजे काडेपेटीएवढा दिवा, त्याची सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. पांढऱ्या छत्रीतून गेला की तोच दिवा तीन फुटांचा होतो, सावलीच्या कडा विरघळतात, चेहरा मऊ दिसतो.

“चहा गाळला की दाट होतो?”

“नाही, पण...”

“मग! उजेडाबद्दल मला सांगू नकोस. चौतीस वर्षं काढलीत.”

त्या चौतीस वर्षांतला बराच काळ आम्ही मेणबत्तीवर काढला, हे मी बोललो नाही. किल्ली त्यांच्याकडे होती.

पहिला फोटो घेतला आणि मेव्हणीचा एक खांदा नाहीसा झाला. उभ्या फोटोत एका कडेनं सरळ काळा पट्टा. चूक माझीच, कबूल. कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. वेग फार वाढवला, तर एक पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा मिटायला लागतो. फ्लॅश उडतो तेव्हा मधली फटच उघडी असते. माझ्या कॅमेऱ्याची मर्यादा १/२०० सेकंद, मी ठेवला होता १/५००. सासूबाई कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकून म्हणाल्या, “अगंबाई, ग्रहण लागलं हिला.”

वेग कमी केला. आता आकाश किती उजळ हवं ते शटरनं ठरवायचं आणि चेहरा किती उजळ हवा ते ॲपर्चरनं, म्हणजे भिंगातलं भोक लहानमोठं करून, कारण फ्लॅश इतक्या क्षणात उडून जातो की त्याला शटरचं सोयरसुतक नसतं. ही गंमत मला समजायला महिना लागला होता. ती दाखवायची वेळ आली आणि खाडीकडून वारा सुटला. छत्री शिडासारखी फुगली आणि स्टँड मुळासकट आडवा. वजनाला लटकवलेला पाण्याचा कॅन सासूबाईंच्या पायाशी गडगडत गेला.

“सोड,” नाना म्हणाले, “मी धरतो.”

इथे माझ्या हातून सूत्रं गेली.

नानांना मी मेव्हणीपासून दोन मीटरवर उभं केलं. पायाशी खडूनं फुली मारली. हललात तर सगळं बिघडेल, म्हणून अंतराचं गणितही सांगायला लागलो, तर नानाच म्हणाले, “अंतर निम्मं, उजेड चौपट. नववीत होतं.” मला भरून आलं. चार फोटो झाले. चौथा इतका छान आला की माझाच विश्वास बसेना. मागे आकाशाची तांबूस पट्टी, गालावर अलगद उजेड, डोळ्यांत छत्रीचा पांढरा ठिपका, आणि मेव्हणीचा सावळा, तुकतुकीत रंग जसाच्या तसा.

मग नानांना आठवलं, की पुण्यात एक स्थळ आहे.

ते सांगायला नाना एक पाऊल पुढे आले. मुलगा बँकेत आहे, म्हणून आणखी एक. घरी फक्त आई, ही गोष्ट मोठ्यानं बोलण्यासारखी नसावी, कारण त्यासाठी ते मेव्हणीच्या कानाशीच गेले, छत्रीसकट. मी ओरडलो, “नाना, फुली!” आणि त्या नादात बोट दाबलं गेलं. दोन मीटरचा उजेड एका मीटरवर. मेव्हणी थालीपिठाच्या पिठात पडल्यासारखी पांढरीफटक.

काल ग्रुपवर झळकला तो हा फोटो.

गंमत म्हणून ठीक आहे, पण मला खरंच राग आलाय. चौथा फोटो मी आधी पाठवला होता. सासूबाईंचा निरोप आला, ‘छान आहे, पण जरा काळपट आलाय.’ काळपट आलेला नाही हो! मुलगी आहे तशी आलीय. कपाळावरच्या कातडीचा पोत दिसतोय, नाकाशेजारची बारीक सावली दिसतेय. पांढऱ्या फोटोत नाकाला दोन ठिपके आहेत, बाकी भुवया. कुठल्याही शिकाऊ मुलानं पहिल्या दिवशी असा फोटो काढला तर त्याला तो खोडून टाकायला सांगतील. पण तोच मामे, मावश्या, आत्या सगळ्यांना पसंत, ‘किती गोरी दिसतेय!’ म्हणून. तीन महिने मी उजेड मोजायला शिकलो. इथे उजेड मोजायचा नसतोच, ओतायचा असतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर छत्रीचे पैसे तरी वाचले असते. आणि पहिल्याच भेटीत त्या बँकेतल्या मुलासमोर सावळी मुलगी येऊन बसणार आहे, तेव्हा नाना काय, स्टँड घेऊन शेजारी उभे राहणार आहेत?

मेव्हणीचा मात्र सकाळी फोन आला. “जिजू, तो ग्रहणवाला पाठवा ना, डीपीला लावते.” लावलाही. एक खांदा काळोखात, तोंडभर हसू. त्याखाली सासूबाईंनी अजून काही लिहिलेलं नाही.

हे लिहीत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात नाना, शेजारी नऊवारीत काकू. पुढच्या महिन्यात लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, तेव्हा एक फोटो हवा. “तू काही करू नकोस,” नाना म्हणाले, “लाइट मी बघतो, तू फक्त बटण दाब.” आणि काखेतून लाकडी मुठीची, जाड कापडाची, काळी कुळकुळीत छत्री काढून माझ्या हातात दिली.

“ती पांढरी टाकून दे. सगळा उजेड गळतो तिच्यातून.”