"14 आठवडे घरी बसलो, पैसे 6 चेच आले" या रिव्ह्यूला विमा एजंटच्या ऑफिसकडून उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुमचं नाव, हॉस्पिटल, क्लेम नंबर असलं काही मी इथं लिहिणार नाही, तुम्ही स्वतः चारचौघात जेवढं मांडलंय तेवढ्यावरच बोलतो. तुमचं म्हणणं असं की मिरज रोडला गाडी घसरून उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकली, मोटर रिवाइंडिंगचं काम 14 आठवडे बंद, आणि खात्यात आले 6 आठवड्यांचे 12 हजार, बाकीचे "एजंटनं खाल्ले".

खाल्ले वगैरे म्हणताना जरा विचार करायचा होता ओ. क्लेमची रक्कम कंपनी थेट तुमच्या खात्यात टाकते, आमच्या ऑफिसच्या हातातून एक रुपया जात नाही, आणि किती द्यायचे हे पण आम्ही ठरवत नाही.

आता हिशोब. तुमची सरल सुरक्षा ही अपघात विम्याची पॉलिसी 10 लाखाची, त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचं जादा कव्हर घेतलेलं, म्हणून आठवड्याला 0.2 टक्के म्हणजे 2 हजार, आणि हे जास्तीत जास्त 100 आठवडे. म्हणजे 14 धरले तर 28 हजार होतात, तुमचं गणित बरोबर आहे. पण रिव्ह्यूला तुम्हीच जो चिठ्ठीचा फोटो लावलाय ना तो जरा मोठा करून बघा, गोळ्यांच्या नावांखाली कोपऱ्यात डॉक्टरांनी लिहिलंय, लाइट वर्क चालेल. तारीख सहाव्या आठवड्याची. झालं, कंपनीनं तिथंच मीटर बंद केलं, कारण या कव्हरची अट अशी आहे की माणसाला कुठलाही कामधंदा करता येऊ नये, अर्धवट जमतंय म्हटलं की पैसे थांबतात.

डॉक्टरांनी ते चांगल्या मनानंच लिहिलं असणार, बोटं हलती राहावीत म्हणून. पण त्यांना कुठं माहीत तुम्ही दिवसभर मोटरच्या स्टेटरमध्ये, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या भागात, तांब्याची तार भरता, त्यात हलकं काम कसलं आलंय, उजव्या हाताला जोर नसेल तर एक कॉइल पण धड बसत नाही. कंपनीत क्लेम ठरवणारा माणूस काय तुमचा हात बघायला कुपवाडला येत नाही, त्याच्या टेबलावर ती चिठ्ठी. म्हणून तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं की डॉक्टरांकडून एक सविस्तर लेटर घ्या, काम काय करता, त्याला दोन्ही हात का लागतात, आणि काम सुरू करायला फिट कुठल्या तारखेला धरलं. तुम्ही म्हणालात बघू, ते बघू अजून चाललंय.

दुसरं, कंपनीकडून चौकशीला माणूस आला तेव्हा दुकान उघडं होतं. तुम्ही म्हणता पोरगं बसलं होतं, मला पटतंय, शटर उघडं म्हणजे मालक कामाला लागला असं होत नाही. पण ते लेखी द्या ना, त्या दिवसात जॉब कोणी केले, बाहेर कोणाकडून करून घेतले, त्याची बिलं लावा.

भावाला कावीळ झाली तेव्हा सुट्टीचे पैसे मिळाले मग मला का नाही, असं पण लिहिलंय. अहो भाऊ एमआयडीसीत नोकरीला, त्याला ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा आहे, तिथं आजारपणात पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, आणि कामावर इजा झाली तर 90 टक्के. 21 हजारापर्यंत पगार असणाऱ्यांना ते लागू. आपण धंदेवाले त्यात बसत नाही. आणि तुमची पॉलिसी फक्त अपघाताची, उद्या तुम्हाला कावीळ झाली तर ती काही देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे परत एक स्टार नको. बँकेतून 20 रुपये कटतात त्या विम्याचं पण विचारलंय, त्यात अपघाती मृत्यू नाहीतर अपघातानं कायमचं अपंगत्व एवढंच आहे, प्लास्टर निघाल्यावर बरा होणारा हात त्यात धरत नाहीत.

आता पुढचं. 8 आठवड्यांचे 16 हजार सोडू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, सोबत ते डॉक्टरांचं लेटर. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा नाही म्हणाले तर पुण्याला विमा लोकपाल आहे, विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी तो ऐकतो, आपला सांगली जिल्हा तिकडंच येतो, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीचं नकाराचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. जिंकालच असं मी म्हणणार नाही, अट कडक आहे. पण लेटर चांगलं असेल तर केस उभी राहते, नुसत्या रिव्ह्यूवर नाही राहत.

फोन उचलत नाही म्हणालात, तुम्ही रविवारी करता दादा. सोमवार ते शनिवार अकरानंतर विश्रामबागच्या ऑफिसला या, अर्ज इथंच लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. रिव्ह्यू काढा असं पण म्हणत नाही, राहू दे. येताना एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, ती चिठ्ठी ओरिजिनल आणि कंपनीचं सेटलमेंटचं पत्र घेऊन या, झेरॉक्स खाली मिळते.