मीटर ‘साफ’ करायचा कोड आणि भाचीच्या तीन पावत्या

‘भाड्याच्या घरात प्रीपेड मीटर आहे? राहायला जाताच या पाच गोष्टी करा, वीज कंपनी तुम्हाला कधीच सांगणार नाही.’ हा मेसेज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. माझ्याकडे तो चार ग्रुपवरून आला आणि चारही वेळा मी तो न वाचता वर सरकवला. पाचव्यांदा तो भाचीकडून आला, खाली प्रश्नासकट: ‘मावशी, यातलं सगळं केलं मी. तरी युनिट कमी का येतायत?’ मग मात्र चष्मा लावून वाचावा लागला.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा. ‘मीटर स्वतःच्या नावावर करायला जाऊ नका, डिपॉझिट मागतील. जुन्याच भाडेकरूच्या खात्यावर रिचार्ज करत राहा.’

हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी रिचार्जची पावती उघडून बघितली आहे का? भाचीने मला तिची पावती पाठवली. वर भरलेली रक्कम, तळाला मीटरच्या कीपॅडवर दाबायचं वीस आकडी टोकन, आणि मध्ये बारीक अक्षरांत एक ओळ: थकबाकी वजावट. शंभर भरले की चाळीस तिथेच कापले जात होते आणि युनिट उरलेल्या साठाचे मिळत होते. असे तीन रिचार्ज झाले. तिन्ही वेळा तिने टोकनचे आकडे तेवढे टिपले आणि पावती बंद केली. तिला काय बोलणार, मीही तेच केलं असतं.

कारण साधं आहे. कंपनीच्या दृष्टीने त्या घरात अजून जुनाच भाडेकरू राहतोय आणि अखेर शहाण्यासारखा हप्त्याहप्त्याने बाकी फेडतोय. तो भलताच कुणीतरी आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कुठून? थकबाकीचा हप्ता काही ठिकाणी टोकन विकतानाच वजा होतो, काही ठिकाणी कार्ड किंवा चावी घालायच्या मीटरमध्येच बसवलेला असतो आणि आठवड्याला ठरावीक रक्कम खातो. दोन्हीकडे पैसे जातात ते तुमचेच. नाव बदलताना डिपॉझिट मागतीलही, पण ते नावावर जमा राहतं. दुसऱ्याच्या थकबाकीत गेलेल्या पैशाच्या मागे मात्र धावावं लागतं.

आता इथे थोडी माघार घेते, कारण मेसेजमध्ये ‘थकबाकी मीटरला चिकटलेली असते’ असंही एक वाक्य आहे आणि ते अगदीच खोटं नाही. ब्रिटनमध्ये तुम्ही राहायला येण्याआधीची थकबाकी तुमची नसते. पण सगळीकडे असं नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केरळच्या वीज मंडळाच्या खटल्यात सांगितलं, की नियमांत तशी तरतूद असेल तर जागेची जुनी बाकी नव्या मालकाकडून मागता येते. शिवाय काही ठिकाणी घर बंद असतानाही स्थिर आकार साचत राहतो आणि पहिल्या रिचार्जचा लचका तोडतो. पण यातून निष्कर्ष काय निघतो? आधी चौकशी करा आणि ‘राहायला येण्याआधीची बाकी घरमालकाची’ अशी ओळ भाडेकरारात घालून घ्या. गप्प बसून दुसऱ्याच्या खात्यात पैसे ओता, हा कसा काय निघाला?

मुद्दा पहिला, आणि सर्वांत हास्यास्पद. ‘पहिल्या रिचार्जआधी हा रिसेट कोड दाबा. मागचा हिशोब साफ होतो, काही मीटरला फ्री युनिटही मिळतात.’

भाचीने दाबला. स्क्रीनवर क्षणभर एक मोठा आकडा आला आणि गेला. तिला वाटलं, झालं साफ. तो मीटरने बसवल्यापासून मोजलेल्या एकूण युनिटचा आकडा होता. असे छोटे कोड प्रत्येक उत्पादकाचे असतात आणि ते नुसती माहिती दाखवतात. शिल्लक किती, एकूण वापर किती, शेवटचं टोकन कोणतं. बघण्यापलीकडे त्यांनी काही होत नाही.

कीपॅडचे मीटर जगभर बहुतांशी एकाच पद्धतीवर चालतात. स्टँडर्ड ट्रान्स्फर स्पेसिफिकेशन, थोडक्यात एसटीएस. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत ती आकाराला आली आणि आज ती आयईसी ६२०५५-४१ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. त्यातलं टोकन म्हणजे ६६ बिटांची माहिती वीस आकड्यांत लिहिलेली. ती त्या एका मीटरच्या गुप्त किल्लीने, म्हणजे मीटरच्या आत साठवलेल्या गुप्त आकड्याने, कुलूपबंद केलेली असते आणि तिच्यात टोकन कोणत्या मिनिटाला बनलं त्याचा शिक्का असतो. म्हणून शेजारच्या मीटरचं टोकन तुमच्या मीटरला चालत नाही आणि तुमचं टोकन दुसऱ्यांदा चालत नाही. मग हजारो लोकांना एकच कोड पाठवून सगळ्यांना फुकट युनिट कसे मिळतील?

अर्थात, ‘रिचार्जआधी वेगळे कोड घालावे लागतात’ यालाही एक खरा धागा आहे. तो मिनिटांचा शिक्का २४ बिटांचा. १ जानेवारी १९९३ पासून मोजत गेलं की १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ मिनिटांनी तो संपतो, आणि तो दिवस होता २४ नोव्हेंबर २०२४. त्याआधी प्रत्येक मीटरची किल्ली बदलणं भाग होतं. त्यासाठी वीस-वीस आकड्यांची दोन टोकनं असतात, एकामागोमाग एक घालायची. तुम्ही घेतलेलं घर तेव्हा कुलूपबंद असेल, तर मीटर नवं टोकन नाकारत बसेल. पण ती दोन टोकनंही त्याच मीटरपुरती बनतात आणि वीज कंपनीच देते. ग्रुपवर नाही मिळत. आणि हो, किल्ली बदलण्याआधी विकत घेतलेलं जुनं टोकन हाताशी असेल तर ते आधी वापरा. नंतर मीटर त्याला ओळखत नाही.

चौथा मुद्दा वाचून मी उठून उभीच राहिले. ‘लाल दिवा सारखा लुकलुकत असेल तर मीटर पळतंय, बाजूला चुंबक लावा.’

लाल दिवा लुकलुकणारच, त्याचं कामच ते आहे. मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती वेळा तो लुकलुकतो ते छापलेलं असतं. समजा १००० असेल आणि दोन किलोवॅटचा गिझर चालू असेल, तर दर १.८ सेकंदाला एकदा. शंका असेल तर घरातली सगळी बटणं बंद करा आणि बघा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर तारांमध्ये गडबड आहे किंवा तुमच्या मीटरवर दुसरं कुणीतरी चालतंय, तेव्हा तक्रार करा. चुंबकाची नोंद आजकालचे बरेच मीटर तारीख-वेळेसकट ठेवतात. पुढे चौकशी झाली तर वीजचोर कोण ठरणार, मेसेज लिहिणारा की करारावर सही केलेला भाडेकरू? भाचीने चुंबक लावलं नाही, कारण घरात चुंबक नव्हतं. नशीब.

दुसरा आणि पाचवा मुद्दा किरकोळ आहे. मीटरमध्ये आधीची शिल्लक असेल तर ती खरंच वापरता येते, आणि घरमालकाने ती मोजून मागितली तर त्यात चूक नाही. ‘इमर्जन्सी बॅलन्स फुकट असतो’ हे मात्र साफ खोटं. ती उसनवारी आहे, पुढच्या रिचार्जमधून वळती होते, जुन्या भाडेकरूने घेतलेली असली तरी.

तर भाचीचं काय झालं. चावी हातात मिळाली त्या दिवसाचा मीटरचा फोटो तिच्याकडे नव्हता. सगळे पडद्यांचं माप घेत होते, मीटरकडे कोण बघतंय. पण आईला रिकामं घर दाखवायला तिने व्हिडिओ काढला होता, आणि त्यात दारामागचा मीटर तीन सेकंद दिसतो, आकडा आणि नंबर दोन्ही वाचता येतात. तो व्हिडिओ आणि भाडेकरार तिने वीज कंपनीला पाठवला, मीटर नावावर करून घेतला. कालच्या पावतीवर थकबाकीच्या ओळीत शून्य आलंय. आधीच्या तीन पावत्यांत कापलेल्या पैशांवरून भांडण अजून चालू आहे.