दोन गाळे कमी केले, त्याविषयी

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तिला चार ओळींत उत्तर देणं बरोबर वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

ब्रिटिश रेल्वेच्या एका जुन्या गुड्स शेडचं, म्हणजे मालगोदामाचं, मी मॉडेल केलं. त्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मूळ शेडला सहा गाळे, म्हणजे भिंतीतल्या खांबांमधले सहा भाग, असताना मी चारच बांधले आणि तरी मॉडेलला ‘ऐतिहासिक’ म्हटलं, ही वाचकांची फसवणूक आहे, हा पहिला. विटा हाताने कोरत बसणं व्यर्थ आहे, दोन फुटांवरून त्या कुणाला दिसत नाहीत, आणि तयार किट किंवा थ्रीडी प्रिंटने तेवढंच काम होतं, हा दुसरा. शेडमागची झाडं फार मोठी असल्यामुळे इमारत खुजी वाटते, हा तिसरा. पहिला सगळ्यात गंभीर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेची सगळी मांडणी, 4 मिमी स्केलचा आहे, म्हणजे खऱ्या एका फुटाला मॉडेलवर 4 मिमी. या हिशेबाने एक मैल रूळ टाकायचे तर 21 मीटरपेक्षा जास्त जागा लागते. एवढी जागा कुणाच्याच घरात नसते. स्टेशन, यार्ड, सायडिंग (बाजूचे जादा रूळ) सगळंच आखडावं लागतं, आणि हा छंद सुरू झाला तेव्हापासून सगळे ते करत आले आहेत. त्यामुळे आखडलं की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. काय आखडलं आणि कशाला हात लावला नाही, हे तपासायला हवं.

मूळ शेडचा प्रत्येक गाळा बारा फुटांचा. सहा गाळ्यांचे 72 फूट, मॉडेलवर 288 मिमी. चार गाळ्यांत ते 192 मिमीवर आलं. तेवढीच जागा वाचवायला दुसरा एक रस्ता होता: सहाही गाळे ठेवायचे आणि प्रत्येक आठ फुटांचा करायचा. खिडक्यांची संख्या बरोबर आली असती आणि तुमचा आक्षेपही कदाचित आला नसता. पण ती इमारत खोटी झाली असती. त्या भिंतीत दर बारा फुटांवर विटांचा जाड खांब आहे, कारण तिथे छपराची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा, टेकते आणि छपराचा भार खाली उतरतो. दोन खांबांमधली भिंत पातळ आहे आणि खिडकी तिथेच आहे, कारण तिथे भार कमी. आठ फुटांवर कैच्या बसवल्या असत्या तर बांधणाऱ्याने लाकूड आणि वीट विनाकारण खर्च केली असं दिसलं असतं. रेल्वे कंपन्यांचे इंजिनिअर असा खर्च करत नसत. चार गाळ्यांची शेड मात्र त्याच इंजिनिअरने लहान गावासाठी तशीच्या तशी बांधली असती.

म्हणून मी एवढंच पाळतो: जे पुन्हा पुन्हा येतं ते कमी करायचं, पण एकही वस्तू लहान करायची नाही. रुळांवरचा दरवाजा मूळ मापाचाच आहे, कारण त्यातून वाघिणी (मालडबे) आत जातात आणि वाघिणी काही मी लहान केलेल्या नाहीत. आतल्या धक्क्याची उंची वाघिणीच्या तळाशी जुळते. तिथे 3 मिमीचा फरक पडला तरी हमाल माल नऊ इंच वर उचलतो आहे असा अर्थ होतो.

काटेकोरपणाचाच प्रश्न असेल तर रुळांचंही सांगायला हवं. मी वापरतो त्या ओओ गेज या प्रचलित मॉडेल-मापाच्या रुळांतलं अंतर 16.5 मिमी असतं. 4 मिमी स्केलला ते 4 फूट 1½ इंच होतं, आणि खरी ब्रिटिश रेल्वे 4 फूट 8½ इंचांची. ज्यांना हे सात इंच खुपतात ते 18.83 मिमीचे रूळ टाकतात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मी माझा वेळ इमारतींना द्यायचं ठरवलं.

इंग्लंडमधल्या लाँग विटनहॅम गावातलं पेंडन म्युझियम तुम्हाला माहीत असेल. त्याचे संस्थापक रॉय इंग्लंड यांनी 1930च्या सुमाराचं व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स हे खोरं, तिथली घरं आणि कुंपणं मॉडेलच्या रूपात तिथे जपायला घेतली. खरी घरं बदलत चालली होती, आणि हे सगळं नाहीसं होण्याआधी मोजून ठेवायला हवं असं त्यांना वाटलं. त्याच म्युझियममध्ये जॉन अहर्न यांची मॅडर व्हॅली ही मॉडेल रेल्वेही ठेवली आहे. तिच्यातलं खोरं काल्पनिक आहे, पण इमारती ठिकठिकाणच्या खऱ्या इमारतींवरून घेतलेल्या आहेत. नोंद म्हणून केलेलं काम आणि कल्पनेतून उभं केलेलं काम एका छपराखाली आहे आणि दोन्हींचा मान सारखा आहे. माझी शेड या दोन्हींच्या मधली. तिच्यातली प्रत्येक वस्तू खरी आहे, लांबी माझी आहे.

आता विटा. इथे तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं, पण ते कुठे थांबतं ते दाखवतो. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाइतका बारकावा दिसतो. दोन फुटांवर तो सुमारे 0.18 मिमी होतो. विटांमधली दरज खऱ्या भिंतीत सेंटिमीटरभर असते, मॉडेलवर 0.13 मिमी. म्हणजे ती दिसायलाच नको. साच्यातल्या किटच्या भिंतीवर दरजा खोल खाचांसारख्या दिसतात आणि पांढरा रंग भरला की आणखी ठळक होतात, ते मलाही आवडत नाही. मी दरज जेमतेम ओरखड्याएवढी ठेवतो आणि विटेच्या रंगापेक्षा किंचित फिकी करतो.

पण थर दिसतो. जुनी वीट दरजेसकट नऊ इंच लांब आणि तीन इंच उंच, म्हणजे आपल्या स्केलला 3 मिमी आणि 1 मिमी. एक मिलिमीटरचा थर दोन फुटांवरून डोळा सहज वाचतो. एकेक वीट सुटी दिसत नाही, भिंतीची वीण दिसते. एकोणिसाव्या शतकातली ही शेड इंग्लिश बाँडमध्ये बांधलेली आहे: एका थरात विटांच्या लांब बाजू, पुढच्या थरात सगळी आखूड तोंडं. तोंडांच्या थरात उभ्या दरजा दुप्पट असल्याने भिंतीवर अगदी मंद आडवे पट्टे उमटतात. बऱ्याच किटमध्ये मात्र सगळे थर लांब बाजूचेच असतात. तशी भिंत आतून पोकळ असते, बाहेरचा पदर एका अर्ध्या विटेचा आणि आतल्या पदराशी धातूच्या पट्ट्यांनी बांधलेला. ही पद्धत ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर रुळली. जुनी भरीव भिंत तशी असू शकत नाही, कारण भिंतीच्या जाडीत आरपार घातलेल्या विटांशिवाय तिचे दोन पदर एकमेकांना धरूच शकत नाहीत.

कोपऱ्यावर तर हे आणखी स्पष्ट होतं. इंग्लिश बाँडमध्ये जो थर एका भिंतीवर लांब बाजूचा असतो, तोच कोपरा वळल्यावर तोंडांचा होतो. तयार नक्षीच्या शीट दोन्ही बाजूंना सारख्या कापून चिकटवल्या तर लांब बाजू लांब बाजूला भिडतात आणि भिंत कागद गुंडाळल्यासारखी दिसते. एक शीट फक्त एका थराने, म्हणजे 1 मिमीने, वर सरकवली की हे सुधारतं. तुम्ही शीट वापरणार असाल तरी एवढं जरूर करा. शिवाय तोंडांच्या थरात कोपऱ्याच्या विटेला लागून पाव विटेचा तुकडा येतो, मॉडेलवर पाऊण मिलिमीटर. तो मी कोरतो आणि कोरताना मला फार आनंद होतो, कारण खालच्या-वरच्या थरांच्या दरजा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून गवंड्याने तो तिथे बसवला हे तेव्हा बोटांना कळतं.

थ्रीडी प्रिंटला माझा विरोध नाही. शेडच्या लोखंडी खिडक्यांच्या चौकटी मी लेझरने कापून घेतल्या आहेत. तेवढ्या बारीक आणि सारख्या पट्ट्या हाताने येत नाहीत. पण प्रिंटरलाही आराखडा कुणीतरी द्यावा लागतो. खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेला टेकवायची की अर्धी वीट, म्हणजे दीड मिलिमीटर, आत घ्यायची, हे मशीन ठरवत नाही. कित्येक चांगली मॉडेल्स या दीड मिलिमीटरमुळे सपाट दिसतात. माझी मापं कुठून आली हेही तुम्ही विचारलं होतं. लांबी-रुंदी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या 1:2500 नकाशावरून आणि उंची जुन्या फोटोतले थर मोजून काढली. चार थरांचा एक फूट, साठ थर मोजले की वळचण पंधरा फुटांवर.

झाडांबद्दल मात्र मी ठाम आहे. साठ फुटी ओक 4 मिमी स्केलला 24 सेंटिमीटर होतो. शेडचं आढं 10 सेंटिमीटरवर आहे. झाड इमारतीच्या दुपटीहून उंच असणं हेच बरोबर आहे. विकतची बहुतेक झाडं यापेक्षा बरीच बुटकी असल्यामुळे आपली नजर त्यांना सरावली आहे. मोठं झाड मागे आलं की इमारत खुजी वाटते, आणि अशी शेड खरोखरच झाडांखाली दबलेली, लहान इमारत होती. तिला भव्य करणं मला चुकीचं वाटतं.

ब्रिटिश रेल्वेच्या काटछाटीसाठीच्या 1963च्या बीचिंग अहवालात 2,363 स्थानकं बंद करण्याची शिफारस होती. अशा असंख्य शेड पुढे पाडल्या गेल्या किंवा ओळखू न येण्याइतक्या बदलल्या. म्हणूनच तुमचा पहिला आक्षेप मी हलका मानत नाही. मॉडेल बघून कुणी मूळ शेड चार गाळ्यांची होती असं समजलं तर ती माहिती खरंच बिघडते. तर असं करतो: सहा गाळ्यांचा पूर्ण आराखडा मापांसकट पुढच्या लेखात टाकतो, वगळलेले दोन गाळे तुटक रेषेत दाखवून. मॉडेलच्या फोटोखालच्या ओळीतही ते लिहीन. तुम्हाला सहाही गाळे बांधायचे असतील तर त्या आराखड्यावरून थेट कापायला घेता येईल. फक्त खांबांची जाडी आधी आखा, खिडक्या नंतर.