पोमबाईचा घटस्फोट आणि तीन शिक्क्यांचा कायदा

थायलंडच्या कायद्याच्या इतिहासात मी शिरले ती एका घटस्फोटाचा माग काढत. कुटुंब न्यायालयात वकिली करत असल्यामुळे असली प्रकरणं मला बरोबर सापडतात. पोस्ट लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा.

साल १८०४, गाव बँकॉक. राजाच्या पदरी बुनसी नावाचा लोहार होता, त्याची बायको पोम. (मी तिला पोमबाईच म्हणणार.) पोमबाईचं दुसऱ्या पुरुषाशी प्रकरण होतं, आणि तरीही घटस्फोट मागायला कोर्टात गेली तीच. न्यायाधीशांनी पोथी उघडली. नवऱ्याचा काही दोष नसला तरी बाईनं काडीमोड मागितला तर तो द्यावा, असं तीत स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी दिला.

लोहार चिडून थेट राजाकडे गेला. चक्री घराण्याचा पहिला राजा राम पहिला तेव्हा गादीवर होता. त्यानं कायद्याच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती मागवून पडताळून पाहिल्या. तिन्हींत कलम तेच, शब्दही तेच. आता आपल्यासारखा माणूस म्हणेल, चला, कायदा हाच आहे, विषय संपला. राजानं उलटा निष्कर्ष काढला. असा अन्याय्य निकाल निघतो त्याअर्थी तिन्ही प्रतींत भेसळ झालेली आहे! मग ११ जणांची समिती बसली, सगळे जुने कायदे तपासून पुन्हा लिहिले गेले आणि १८०५ मध्ये तयार झालेल्या प्रतींवर तीन मोठ्या खात्यांचे शिक्के उमटले. राजसिंह, गजसिंह आणि कमळ. हाच तो प्रसिद्ध 'तीन शिक्क्यांचा कायदा'. पुढे शंभर वर्षं सयाम (म्हणजे तेव्हाचं थायलंड) त्यावर चालला.

राजाची बाजूही सांगायला हवी. १७६७ मध्ये बर्मी सैन्यानं जुनी राजधानी अयुत्थया जाळली, तेव्हा बहुतेक ग्रंथ गेले होते. नव्या घराण्याला सगळंच नव्यानं मांडायचं होतं, बौद्ध त्रिपिटकाचीही त्यानं अशीच तपासणी करवून घेतली होती. पण इतक्या सगळ्या गोंधळात समिती नेमायला निमित्त काय मिळालं, तर एका बाईला मिळालेला घटस्फोट. मला यात योगायोग अजिबात दिसत नाही.

राजानं सरळ 'हे कलम मला मान्य नाही, मी ते बदलतो' असं का म्हटलं नाही? कारण त्याला तो अधिकारच नव्हता, निदान तत्त्वतः. थाई लोकांचा 'थम्मसात' म्हणजे आपलं धर्मशास्त्र, बर्मा-थायलंडमधल्या मोन लोकांच्या मार्फत तिकडे पोचलेलं. कायदा अनादि आहे, राजा फक्त त्याचा राखणदार, अशी त्याची बैठक. त्यात मनूही आहे, पण आपल्या ओळखीचा नव्हे. आपल्याकडे मनू म्हटलं की महाड आणि २५ डिसेंबर १९२७ आठवतो. तिकडचा मनू हा चुकलेला न्यायाधीश आहे. दोघांनी शेजारी शेजारी काकड्या लावल्या, मध्ये बांध. एकाचा वेल बांध ओलांडून पलीकडे गेला आणि पलीकडच्यानं काकड्या तोडल्या. मनूनं निकाल दिला की ज्याच्या जमिनीत फळ, त्याचं फळ. लोकांना पटेना. मग दुसऱ्या अधिकाऱ्यानं वेल हातात धरून मुळापर्यंत माग काढला आणि ज्याचं मूळ त्याच्या काकड्या असं सांगितलं, तेव्हा सगळे खूश. मनू इतका खजील झाला की नोकरी सोडून तपाला बसला आणि पुढे विश्वाच्या भिंतीवर कोरलेला खरा कायदा वाचून परत आला.

कथा मला फार आवडली. पण त्यातली गोम बघा. कायदा भिंतीवर आधीच लिहिलेला असेल, तर राजाला तो बदलता येत नाही, फक्त 'शुद्ध' करता येतो. पोमबाईच्या कलमाचं तेच झालं.

ही भिंत सामान्यांना वाचायला मिळावी असंही कुणाला वाटत नव्हतं. १८४९ च्या सुमारास मोत नावाच्या एका गृहस्थानं अमेरिकन मिशनरी ब्रॅडलीच्या छापखान्यात हा कायदा छापून घेतला. राम तिसऱ्यानं प्रती जप्त केल्या. लोकांच्या हातात कायदा पडला तर ते कोर्टात भांडतील की!

आणि पुढचा राजा मोंगकुट आल्यावर लोक भांडलेच. १८६५ मध्ये मुअन नावाच्या तरुणीनं त्याच्याकडे अर्ज केला. तिचं प्रेम एकावर, आईबापांनी दिलं दुसऱ्याला, त्यानं उचलून नेलं, ही पळाली, शेवटी कोठडीत पडली. राजानं तिच्या बाजूनं कौल दिला आणि वयात आलेल्या बाईनं नवरा स्वतः निवडावा असा हुकूम काढला. बड्या घराण्यांतल्या मुलींना मात्र ही मोकळीक नव्हती, तिथं इभ्रत आडवी आली. दुसरी चान. तिला तिच्या नवऱ्यानं तिच्या नकळत विकलं होतं आणि जुन्या कायद्याप्रमाणे ते चालत होतं. बाई म्हणजे म्हैस आणि पुरुष तेवढा माणूस असा हा कायदा आहे, असं म्हणत राजानं तो रद्द केला. असं म्हणणाऱ्या राजाच्या स्वतःच्या राण्या किती होत्या ते विचारू नका. पण दोन साध्या बायकांच्या अर्जांवर कायदा हलला हे खरंच. सयाममधल्या सुधारणा नेहमी राजांच्या नावावर जमा होतात, अर्जदारांची नावं तळटिपेत जातात. माझा राग त्यावर आहे.

'आम्ही कधीच कुणाचे गुलाम झालो नाही' हे थाई लोकांचं आवडतं वाक्य. राजकीयदृष्ट्या बरोबर. कायद्याच्या बाबतीत मात्र १८५५ च्या बोरिंग करारानं ब्रिटिश प्रजेला सयामी कोर्टातून मोकळं केलं. हिंदुस्थानातून तिकडे गेलेले व्यापारीसुद्धा ब्रिटिश प्रजा म्हणून वकिलातीच्या कोर्टात जाऊ शकत. ही अट काढायची तर युरोपला पटेल असे कायदे करणं भाग होतं. त्यातून १८९२ चं न्याय मंत्रालय, ऑक्सफर्डला शिकून आलेल्या राजपुत्र रफींची १८९७ ची कायदाशाळा, १९०५ चा गुलामगिरीवरचा शेवटचा घाव, १९०८ ची दंडसंहिता. बेल्जियन, फ्रेंच, जपानी सल्लागारांची रांगच लागली होती. सगळ्यात जास्त रखडलं ते एकपत्नीत्व. ते १९३५ मध्ये आलं, म्हणजे १९३२ च्या क्रांतीनं राजाची अनियंत्रित सत्ता काढून घेतल्यावर. तरीही बायकोच्या व्यभिचारावर नवरा घटस्फोट मागू शके, बायकोला मात्र नवऱ्यानं दुसरीला बायकोसारखं सांभाळलंय हे दाखवावं लागे. हा फरक जायला २००७ उजाडलं. आणि पोमबाईचं मूळ कलम? ते परत आलेलं नाही. दोघं राजी असतील तर तालुक्याच्या कचेरीत दोन साक्षीदारांसह काम पटकन होतं, पण एकटीला हवा असेल तर आजही कारण सिद्ध करावं लागतं.

राज्यघटनेबद्दल काय बोलावं! १९३२ पासून २० झाल्या. लष्कर येतं, घटना फाडतं, नवी लिहून घेतं, आणि दर वेळी भाषा तीच, भ्रष्ट झालेलं शुद्ध करण्याची. १९५३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९४७ चं बंड यशस्वी झालं म्हणून त्या सत्तेला वैध मानलं. वकील म्हणून हा निकाल वाचताना घाम फुटतो. बंड फसलं तर देशद्रोह, जमलं तर कायदा.

एक कलम मात्र कोणतीच घटना हलवत नाही. ते म्हणजे दंडसंहितेतलं, राजाच्या अवमानाचं कलम ११२. एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं, तक्रार कुणीही करावी. ही शिक्षा इतकी वाढली ती ऑक्टोबर १९७६ मध्ये, थम्मसात विद्यापीठात विद्यार्थ्यांचं हत्याकांड झालं त्याच महिन्यात. राजसत्तेत सुधारणा हवी असं जाहीर बोलणारा मानवी हक्कांचा वकील आनोन नाम्पा २०२३ पासून तुरुंगात आहे, एकेका खटल्यागणिक वर्षं वाढताहेत.

म्हणून २०२४ चा पावसाळा मला विलक्षण वाटतो. जूनमध्ये सिनेटनं समलिंगी विवाहाचा कायदा मंजूर केला, आग्नेय आशियात पहिला, २३ जानेवारी २०२५ पासून लागू. घरातला कायदा किती पुढे गेला बघा! आणि ७ ऑगस्टला घटना न्यायालयानं निवडणुकीत सर्वांत जास्त जागा मिळवलेला मूव्ह फॉरवर्ड पक्ष बरखास्त केला. गुन्हा काय, तर कलम ११२ मध्ये दुरुस्तीची मोहीम चालवली. दुरुस्ती झाली नव्हती, नुसती मागितली होती. गंमत म्हणजे ७ ऑगस्ट हा राजपुत्र रफींचा स्मृतिदिन, आधुनिक थाई कायद्याचे जनक म्हणून वकील मंडळी तो दरवर्षी साजरा करतात.

पक्षाच्या खासदारांनी दोन दिवसांत नवा पक्ष जाहीर केला. याच मंडळींचा आधीचा पक्ष फ्यूचर फॉरवर्ड २०२० मध्ये असाच बरखास्त झाला होता, त्यामुळे सराव होताच.