त्यात सोनं असतं म्हणे

सर्व्हर, म्हणजे ऑफिसचा सगळा डेटा सांभाळणारा मोठा कॉम्प्युटर, फुकट मिळत असेल तर जरूर घ्यावा. फक्त आपण कितव्या मजल्यावर राहतो, बिल्डिंगला लिफ्ट आहे का आणि सासरे सध्या मुक्कामाला आहेत का, एवढं आधी बघून घ्यावं. माझी उत्तरं तिसऱ्या, नाही आणि हो अशी होती.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत माझ्या एका वर्गमित्राचा छोटा कारखाना आहे. त्याचा सगळा हिशेब क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रांवर गेला आणि ज्या खोलीत इतकी वर्षं एसी लावून दोन सर्व्हर पोसले होते, ती खोली त्याला पॅकिंगच्या मालासाठी हवी झाली. "तू याच लाइनमधला आहेस, घेऊन जा. टेम्पोचं तेवढं तुझं तू बघ. फक्त डिस्क नीट पुसून टाक, आमचा डेटा बाहेर जाता कामा नये." एवढं बोलून तो मोकळा झाला.

डेल पॉवरएज आर ७१०, दोन नग. २००९ साली बाजारात आलेलं हे मॉडेल. दोन प्रोसेसर, म्हणजे यंत्राचे मेंदू, रॅमसाठी, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या पट्ट्यांसाठी, अठरा खाचा, पॉवर सप्लायसुद्धा दोन, म्हणजे एक गेला तरी दुसरा आहेच. पूर्ण भरलेल्या सर्व्हरचं वजन कंपनीच्या कागदावर २६ किलो. आता २६ किलोचं गव्हाचं पोतं खांद्यावर टाकता येतं. हा प्रकार साडेतीन इंच जाड आणि सव्वादोन फूट लांब, धरायला कडी नाही, आणि पत्र्याची कड नेमकी बोटांच्या पेरांत रुतते. टेम्पोवाल्याने खालूनच वर बघितलं आणि म्हणाला, "साहेब, जिन्याचे वेगळे." बायकोने दारात काही विचारलंच नाही. टेप आणून दिवाणाखालची उंची मोजली आणि एवढंच म्हणाली, "दिवाळीच्या आत गेलं पाहिजे."

सासरे मात्र खूश. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून कात्रणं जमवणं हे त्यांचं काम. त्यांनी फाइल काढली. "जावईबापू, यात सोनं असतं. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं जपान्यांनी भंगारातून काढली. ३२ किलो सोनं निघालं!"

बातमी खरी होती. लोकांनी दिलेली जुनी उपकरणं गोळा करून त्यातून पाच हजारांच्या आसपास पदकं केली गेली, आणि सोनं निघालं ते ३२ किलोच. पण कात्रणातली पुढची ओळ सासऱ्यांच्या पट्टीने नेमकी झाकली गेली होती. त्यासाठी गोळा केलेला माल होता ७८,९८५ टन, वर ६२ लाखांहून जास्त मोबाइल. मी मोबाइलवर भागाकार केला. टनाला अर्धा ग्रॅमही पडत नाही. त्या हिशेबाने २६ किलोच्या सर्व्हरला आलं दहा मिलिग्रॅम. आमचा सराफ एका पाटलीच्या घटीत याहून जास्त सोनं कापतो आणि वर चहा पाजतो.

"त्यात त्यांनी मिक्सर-पंखेही धरले असतील," सासरे म्हणाले. "सर्व्हरमध्ये जास्त असणार."

हे बरोबर होतं, आणि तिथेच पंचाईत झाली. रॅमच्या कडेला जी पिवळी नखं दिसतात, त्यांवर खरंच सोन्याचा मुलामा असतो. तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, पण डोळ्याला जाडी थोडीच दिसते? दिसतो तो रंग.

माझा बेत साधा होता. अख्खा विकला गेला तर उत्तम, नाही तर सुटे भाग, आणि उरेल ते भंगारात. जुन्या वस्तूंच्या ॲपवर फोटो टाकले. तासाभरात पहिला निरोप आला, ‘अवेलेबल?’ दुसरा, ‘लास्ट प्राइस?’ किंमत अजून पहिलीच कोणी विचारली नव्हती. एकाला मॉनिटर फोटोत का नाही हे हवं होतं. एका गृहस्थांना यावर हिशेबाचं टॅली चालेल का, हे विचारायचं होतं. चालेल म्हटल्यावर त्यांनी ‘मग एवढा मोठा कशाला?’ असं विचारलं आणि गप्प झाले. प्रश्न बिनतोड होता.

शेवटी बदलापूरहून इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. त्याला घरी लॅब करायची होती. म्हणाला, "काका, चालू करून दाखवा."

सर्व्हर चालू करणं हा घरात करायचा प्रकारच नव्हे. बटण दाबल्याबरोबर आतले सगळे पंखे एकदम पूर्ण वेगाने सुटतात. यंत्र अजून आपलं तापमान जोखत असतं, आणि तोवर ते सगळ्यात वाईट गृहीत धरून चालतं. (या बाबतीत ते माझ्या सासूबाईंसारखं आहे, पण तो वेगळा विषय.) खालचे काका चपला न घालताच वर आले. "गिरणी टाकलीत काय?" पंखे थोड्या वेळाने शांत झाले, पण सर्व्हर काही उठेना. तो आधी मेमरी मोजतो, मग डिस्कचा कंट्रोलर जागा होतो, तो एकेका डिस्कला हाक मारतो. तेवढ्यात पोहे झाले, खाऊन झाले. मुलगा हरखून गेला होता. मग त्याने वडिलांना फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "लाइट किती खातो?" मी खरं ते सांगितलं. नुसता बसून राहिला तरी दीडशे-दोनशे वॅट, तेही चोवीस तास. मुलाने पोह्यांचे आभार मानले आणि गेला.

म्हणजे आता खोलणं आलं. त्याआधी डिस्क पुसायच्या. या डिस्क एसएएस जातीच्या, घरच्या कॉम्प्युटरला लागत नाहीत. म्हणजे पुसायच्या तर सर्व्हर चालू ठेवूनच, आणि डिस्कच्या पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत शून्यं लिहीत जायची. रात्रभर ती गिरणी उशा-गाद्या लावून चालवली. सकाळी बायकोचे डोळे बघून मी बाकी डिस्क सरळ फोडायच्या ठरवल्या.

खरं सांगू? खोलायला सर्व्हरइतकं सभ्य यंत्र नाही. मिक्सर खोला, रक्त निघतं. इथे झाकण एका खटक्यात वर येतं आणि आत पाट्याच लावलेल्या असतात. विटकरी रंगाची खिट्टी म्हणजे यंत्र चालू असतानाही काढता येणारा भाग, निळी खिट्टी म्हणजे आधी बंद करा. पंखे टपाटप बाहेर. वाऱ्याला वाट दाखवणारं प्लॅस्टिकचं काळं छप्पर बाहेर. जिथे हात घालावा तिथून काहीतरी गुळगुळीत सरकत हातात येतं. सासरे एकेक वस्तू वर्तमानपत्रावर ओळीने मांडत होते आणि टपालाच्या सवयीने त्यावर चिठ्ठ्या लावत होते. एका चिठ्ठीवर ‘सोने (संभाव्य)’ असं लिहिलेलं होतं.

हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलला की खाली प्रोसेसर, आणि त्याच्या डोक्यावर करड्या पेस्टचा थर. मढ्याच्या टाळूवरचं लोणी हा वाक्प्रचार आजवर मी फक्त पेपरात पुढाऱ्यांसाठी वापरलेला पाहिला होता. ते लोणी आता मी स्वतः जुन्या बनियनच्या फडक्याने आणि अल्कोहोलने पुसत होतो. खाली अक्षरं उमटली, झिऑन एक्स ५६५०. २०१० साली इंटेलच्या भावपत्रकात हा जवळजवळ हजार डॉलरला होता. आता चारही मिळून घरचं महिन्याचं दूध भागलं तरी खूप.

रॅमचं दुःख त्याहून मोठं. ती दिसते अगदी घरच्या कॉम्प्युटरच्या रॅमसारखी. लांबी तीच, खाच तिथेच. पण ही ‘रजिस्टर्ड’ रॅम, घरगुती मदरबोर्ड तिला ओळखच देत नाही. ॲपवर रोज कोणीतरी विचारायचं, "माझ्या पीसीत बसेल का?" मी लिहायचो, "बसेल. चालणार नाही." पुढे शांतता.

पॉवर सप्लायचा डबा सासऱ्यांनी कानशीने घासायला घेतला होता, तो मी हिसकावून घेतला. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर चारशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि वायर काढली म्हणून तो लगेच जात नाही. सासऱ्यांना ते पटलं नाही. "पोस्टात मी लाख लावायचो, तीही गरमच असायची," म्हणाले.

डिस्क फोडताना हार्डवेअरच्या दुकानात ‘टी ८ टॉर्क्स’ मागितला, तर दुकानदाराने शांतपणे "स्टारवाला?" म्हणून काढून दिला. सगळे स्क्रू निघाले तरी झाकण हलेना. एक स्क्रू नेहमी स्टिकरखाली दडवलेला असतो, त्याच स्टिकरखाली, ज्यावर ‘हा काढल्यास वॉरंटी रद्द’ असं लिहिलेलं असतं. आत आरशासारख्या तबकड्या आणि दोन लोहचुंबक, बोटाएवढे. त्यांच्या मधे माझी करंगळी सापडली तेव्हा कारखान्याच्या डेटासकट सगळ्यांचा उद्धार केला. तबकड्यांवर सासऱ्यांनी खिळ्याने उभ्या-आडव्या रेघा ओढल्या. चुंबक बायकोने फ्रिजवर लावला आणि त्याखाली गॅसचं पुस्तक अडकवलं. तो आता निघत नाही, पुस्तकही निघत नाही.

रविवारी भंगारवाला आला. त्याने आधी खिशातून दोऱ्याला बांधलेला चुंबक काढला, पत्र्याला लावला, "लोखंड" म्हणाला. हीटसिंकला लावला, चिकटला नाही. मग कानशीने कडेला एक ओरखडा काढला, उन्हात धरला. पायाशी लाल, वर पांढरं. "मिक्स आहे साहेब. ॲल्युमिनियमचाच भाव लागेल. तांबं वेगळं करून द्या, मग तांब्याचा देतो." पुढचे दोन तास सासरे बाल्कनीत करवत चालवत होते. जेवढं तांबं निघालं त्याच्या पैशात करवतीची दोन पाती आली. मोडली होती तीन.

मदरबोर्ड मात्र मी त्याला दिले नाहीत. सासरे तोवर व्हिडिओ बघून आम्लराजापर्यंत पोचले होते. एक भाग नत्राम्ल, तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, सोनं विरघळतं, शाळेत शिकवतात. बायकोने संडासाचं ॲसिडसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवलं. थट्टा सोडा, उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठी लोक हेच पोटासाठी करत आले आहेत. बोर्ड जाळायचे, राख धुवायची, आणि तीच हवा, तेच पाणी पोटात घ्यायचं. झवेरी बाजारातल्या धुळीतून सोनं काढणारा झारेकरी निदान धूळच गाळतो. तेव्हा बोर्ड आणि कंट्रोलरच्या फुगलेल्या बॅटऱ्या नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे गेल्या. त्याने पावती दिली. सासऱ्यांनी ती फाइलला लावली.

उरलेले प्रोसेसर आणि रॅम पिशवीत घालून ग्रँट रोडला उतरलो. रस्त्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात सगळ्यांच्या लॅमिंग्टन रोड. शेठने प्रोसेसर तळहातावर घेतले, चणे-फुटाणे पाखडावेत तसे हलवले आणि परत दिले. "रेल है क्या?"

रेल म्हणजे सर्व्हर कपाटात सरकवायच्या लोखंडी पट्ट्या. ऑफिस बदलताना लोक सर्व्हर नेतात, पट्ट्या जुन्या कपाटातच विसरतात, आणि मग पट्ट्यांवाचून सर्व्हर कपाटात चढत नाही. त्यामुळे जुन्या बाजारात सगळ्यात जास्त मागणी या पट्ट्यांना आणि डिस्क बसवायच्या रिकाम्या खोक्यांना. आत अक्कल असलेल्या सगळ्या वस्तू कवडीमोल, आणि भाव कशाला, तर जिला वायरसुद्धा लागत नाही तिला! आमच्या पट्ट्यांवर बायकोने तुळस आणि कोरफडीच्या कुंड्या मांडल्या होत्या. कुंड्या उतरवल्या, माती पुसली, पट्ट्या नेल्या. चारही प्रोसेसरचे मिळून आले असते त्याहून जास्त पैसे आले. टेम्पो, जिना आणि पाती वजा जाता बटाटेवडे झाले, सगळ्या मजल्याला.

सासऱ्यांचं समाधान व्हायचं होतं ते होतंच. रॅमची एक पट्टी घेऊन ते सराफाकडे गेले, मीही गेलो. सराफाने ती कसोटीवर हलकेच घासली, थेंब टाकला, भिंगातून बघितली. "सोनं खरं आहे, काका," तो म्हणाला. सासऱ्यांनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी जन्मभर भोगणार आहे. मग त्याने घासलेली जागा दाखवली. तिथे आता पांढुरकी पट्टी होती, पिवळं काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं दगडावर आलं होतं.

सराफ ती पट्टी हातात उलटीपालटी करत राहिला. "पण काका, आमच्या मुलाचा कॉम्प्युटर फार हळू चालतो. ही त्यात बसेल का?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "बसेल की!"