परत कार्ड तोच पाठवत नाही

पोस्टक्रॉसिंग ही अनोळखी लोकांना पोस्टकार्डं पाठवायची साइट आहे. तिच्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की तिथे आपण ज्याला कार्ड पाठवतो तोच आपल्याला उलट कार्ड पाठवतो, पण तसं नाहीये, आणि खरी गंमत तिथेच आहे. २००५ मध्ये पोर्तुगालमधून ही साइट सुरू झाली. साइट आपल्याला एक पत्ता आणि एक आयडी देते, तो आयडी कार्डावर लिहायचा, समोरच्याने कार्ड मिळाल्यावर तो साइटवर टाकला की मग आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो. म्हणून आयडी दोन ठिकाणी लिहा, पोस्टाचा शिक्का नेमका त्याच्यावरच बसतो, माझं एक कार्ड असंच कितीतरी दिवस नोंदवलं गेलं नव्हतं.

मला पहिलं कार्ड फिनलंडहून आलं, बर्फातलं लाल लाकडी घर, एक कोपरा दुमडलेला, आणि मागे बारीक अक्षरात लिहिलेलं की आत्ता खिडकीतून खार दिसली म्हणून तिकीटही खारीचंच लावतेय. त्या बाईंना मी कधी काहीच पाठवलं नव्हतं, तरी त्यांनी माझ्यासाठी तिकीट शोधून लावलं, याचं मला अजून फार अप्रूप वाटतं.