जॉन विल्सन: एका फॉरवर्डमधल्या तीन-चार चुका

मुंबईच्या विल्सन कॉलेजच्या फोटोखाली फिरणारा मजकूर असा: 'इंग्रज पाद्री जॉन विल्सनने 1832 मध्ये चौपाटीवर हे कॉलेज बांधलं. तोच मुंबई विद्यापीठाचा पहिला कुलगुरू. कॉलेजच्या नावाखाली हजारो मुलं बाटवली.'

पहिली चूक किरकोळ. विल्सन इंग्रज नव्हे, स्कॉटिश. जन्म 1804 चा, लॉडर गावचा; शिक्षण एडिंबरोत. 1829 मध्ये मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला थेट कोकणात, हर्णैला गेले.

1832 हे साल बरोबर, जागा चूक. तेव्हा सुरू झाली ती गिरगावातली आंबरोली इंग्लिश स्कूल; पुढे तिचंच कॉलेज झालं. चौपाटीची इमारत 1889 ची, आणि विल्सन वारले 1875 मध्ये. मुलींच्या शाळांचं श्रेयही काही जण त्यांनाच देतात. त्या उभ्या केल्या पत्नी मार्गारेट यांनी.

पहिले कुलगुरू विल्यम यार्डली, 1857 चे. विल्सन यांची नेमणूक 1868 ची, सर अलेक्झांडर ग्रांट एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख म्हणून गेल्यावर. मुदत दोन वर्षांची. त्या काळी विद्यापीठ शिकवत नसे. परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायची, एवढंच काम. राजाबाई टॉवरची पायाभरणी त्यांच्याच कारकिर्दीत, 1869 मध्ये झाली.

राहिला बाटवण्याचा आरोप. धर्मप्रसार हा विल्सन यांचा उघड हेतू होता. हिंदू पंडित मोरभट दांडेकरांशी 1831 मध्ये त्यांनी जाहीर वाद घातला, पारशी धर्मावर टीकाग्रंथ लिहिला. पण 'हजारो' कुठून आले? 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेवढ्यावर प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि पारशी पालकांनी शाळेतून मुलं काढून घेतली. 1843 मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मात्र कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा मुंबईचा ब्राह्मणवर्ग त्यांच्यावरच उलटला. एकेका बाप्तिस्म्यामागे वर्ग ओस पडायचे. धर्मांतराचा 'कारखाना' असा चालत नाही.

त्याच 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले, आणि शाळेची जवळजवळ पुरी होत आलेली नवी इमारत जुन्या चर्चच्या हाती गेली.